शाळेच्या व्हॅनची चालक होताना

शाळेच्या व्हॅनवर मी काही वर्षे मदतनीस म्हणून काम केले. मुलांना हात धरून चढवणे, दप्तरे आसनाखाली सरकवणे, दार ओढल्यावर कडी नीट बसली की नाही ते पाहणे आणि शेवटचे मूल घरच्यांच्या हाती दिल्यावर गाडीत मागेपर्यंत एकदा नजर फिरवणे, हे माझे रोजचे काम होते. २०२४ च्या दिवाळीत आमच्या चालककाकांनी वयोमानामुळे काम थांबवण्याचे ठरवले, तेव्हा गाडीचे मालक मला म्हणाले, “ताई, तुम्हाला चारचाकी येते, मुले तुम्हाला ओळखतात, मग गाडी तुम्हीच का चालवत नाही?” मी होकार दिला, परंतु सगळे कागद पूर्ण झाल्याशिवाय मुलांना घेऊन गाडी बाहेर काढणार नाही आणि ते कागद मी स्वतःच जमवीन, असे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यानंतर नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयापासून शाळेच्या समितीपर्यंत जे करावे लागले, ते या कामात येऊ पाहणाऱ्यांना आणि पालकांनाही उपयोगी पडेल, असे वाटल्याने सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी मला हे समजून घ्यावे लागले, की आपली गाडी कायद्याच्या दृष्टीने नेमकी कोण आहे. पिवळा रंग आणि त्यावरची शाळेची पट्टी पाहून आपण तिला शाळेची गाडी म्हणतो. पण मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये ‘शैक्षणिक संस्थेची बस’ म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या मालकीची, चालक सोडून सहापेक्षा अधिक माणसे नेणारी आणि केवळ विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठी वापरली जाणारी गाडी. आमची गाडी शाळेच्या मालकीची नाही. ती एका खासगी मालकाची आहे, तिच्यात चालकाखेरीज बारा जणांची जागा आहे आणि ती भाडे घेऊन चालते, म्हणून ती मॅक्सीकॅब ठरते आणि तिला कंत्राटी वाहतुकीचे परमिट लागते. सहापर्यंत प्रवासी असलेली छोटी गाडी मोटारकॅबमध्ये मोडते. दोन्ही प्रकार सार्वजनिक सेवा वाहनांत येतात आणि त्यामुळेच त्यांची नंबर प्लेट पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या प्लेटच्या घरगुती मोटारीतून पैसे घेऊन शेजारपाजारची मुले शाळेत सोडणारे अनेक जण आपल्या ओळखीत असतात. त्यांचा हेतू चांगला असला, तरी ती वाहतूक परमिटविना झालेली वाहतूक असते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. दंडापेक्षा मला विम्याची बाब अधिक गंभीर वाटते, कारण खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी होणारा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो आणि अपघातानंतर पालकांच्या हाती नेमके तेच कलम येते.

दुसरा प्रश्न लायसन्सचा होता. माझ्याकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स होते आणि आमच्या गाडीचे एकूण भारित वजन ७,५०० किलोंच्या आत आहे. अशा लायसन्सवर व्यावसायिक गाडी चालवता येते का, यावर कित्येक वर्षे विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात वाद चालू होता. २०१७ मध्ये मुकुंद देवांगण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चालवता येते असा निर्णय दिला होता, पुढे तो मोठ्या पीठाकडे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निर्णय कायम ठेवला. माझी धावपळ नेमकी त्याच महिन्यात सुरू झाली होती, त्यामुळे ओळखीचे सगळेच मला सांगू लागले, की आता वेगळे काही करायची गरज उरली नाही. हा सल्ला अपुरा आहे, असे माझे मत आहे. हलक्या गाडीचे लायसन्स असलेल्या चालकाला केवळ लायसन्सवर परिवहन, म्हणजे व्यावसायिक, वाहनाची वेगळी नोंद नाही म्हणून अपात्र ठरवता येणार नाही, एवढेच त्या निकालाने सांगितले. वयाची अट त्याने हलवलेली नाही. परिवहन वाहन चालवणाऱ्याचे वय किमान २० वर्षे असावे लागते, हे कलम ४ मध्ये आहेच. सार्वजनिक सेवा वाहनाच्या चालकासाठी राज्याच्या नियमांनी ठेवलेला बॅज आणि शाळा ज्या पडताळण्या मागते त्या, या गोष्टी निकालाच्या कक्षेबाहेरच्या आहेत. शिवाय मुलांच्या गाडीवर काम करणाऱ्याने जेमतेम पुरेल एवढ्यावर थांबू नये, असे मला वाटत होते. म्हणून मी लायसन्सच्या अर्जांसाठी असलेल्या सारथी पोर्टलवर रीतसर अर्ज केला आणि लायसन्सवर परिवहन वाहनाची नोंद करून घेतली. या नोंदीबरोबर एक जबाबदारीही येते. परिवहन वाहनासाठी लायसन्स पाचच वर्षे चालते आणि मुदत संपल्यावर पूर्वी जी ३० दिवसांची सवलत मिळत असे, ती २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मुले घेऊन निघालेला चालक कायद्याने विनालायसन्स चालक असतो.

या अर्जासाठी नमुना १-अ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. कार्यालयाबाहेरच्या एका एजंटाने मला सांगितले, की फोटो आणि आधार कार्ड द्या, सही-शिक्का संध्याकाळपर्यंत होऊन येईल, तुम्ही डॉक्टरांकडे जायचीही गरज नाही. मी नकार दिला आणि आमच्या भागातील डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नमुना हातात घेऊन एकेक प्रश्न मला मोठ्याने विचारला: फेफरे येते का, चक्कर येते का, ऐकू कमी येते का, एखादे व्यसन आहे का. दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, असाही एक प्रश्न त्यात आहे. तेथे आल्यावर ते मला दवाखान्याच्या गॅलरीत घेऊन गेले आणि समोरच्या रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या गाड्यांचे क्रमांक वाचायला लावले. एका टेम्पोच्या प्लेटवर चिखल उडाला होता आणि शेवटचा आकडा तीन की आठ हे मला सांगता येईना. डॉक्टर स्वतः वाकून पाहत म्हणाले, “तो मलाही दिसत नाही, पुढचा वाचा.” त्यानंतर रंगांची पुस्तिका झाली, मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का ते पाहून झाले आणि मगच त्यांनी माझ्या फोटोवर अर्धी येईल अशी सही केली. या तपासणीला फार वेळ लागला नाही. मुलांच्या गाडीच्या चालकाची दृष्टी कोणीही न पाहता त्याच्या हाती असे प्रमाणपत्र पडू शकते, ही गोष्ट मात्र मला अत्यंत धोक्याची वाटते आणि याबाबत मालक, शाळा किंवा पालक यांपैकी कोणीही कधी विचारत नाही, हेही मी मदतनीस असताना पाहिले आहे.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर केला. पत्त्याचे पुरावे जोडले, शुल्क भरले आणि काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. तेथील हवालदारांनी राहते घर, पूर्वीचा पत्ता आणि कामाचे ठिकाण विचारले, दोन शेजाऱ्यांची नावे घेतली व एकदा घरीही येऊन गेले. शेजारच्या आजींना पोलीस का आले म्हणून काळजी वाटली, तेव्हा मी त्यांना बसवून सगळे समजावले. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने जो शासन निर्णय काढला, त्यात शाळेतील कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांच्या पडताळणीवर भर दिला आहे, म्हणून आमच्या शाळेने हे प्रमाणपत्र चालकाप्रमाणेच मदतनिसाकडूनही मागितले. हे योग्यच झाले. व्हॅनमधला मदतनीस चालकापेक्षाही मुलांच्या जवळ असतो. लहान मुलांना उचलून घेतो, त्यांचे कपडे सावरतो. मी मदतनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे असा एकही कागद कोणी मागितला नव्हता. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पॉक्सो म्हणून ओळखला जाणारा २०१२ चा अधिनियमही मी याच काळात वाचला. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे हे कलम १९ प्रमाणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि त्या प्रत्येकात व्हॅनचा चालकही येतो.

लायसन्सवर नोंद झाली, पडताळणीचा कागद हाती आला आणि त्यानंतर बॅजचा अर्ज केला. निरीक्षकांनी काही तोंडी प्रश्न विचारले, त्यांपैकी एक माझ्या लक्षात राहिला आहे: गाडी बंद पडली आणि आत मुले आहेत, तर आधी काय कराल? मी म्हणाले, की गाडी शक्य तितकी डावीकडे घेईन, धोक्याचे दिवे लावीन आणि मुलांना रस्त्याच्या बाजूने न उतरवता फुटपाथच्या बाजूने उतरवीन. त्यावर त्यांनी विचारले, “आणि उतरवल्यावर मोजणार कोण?” मदतनीस मोजेल, असे मी सांगितले. ते म्हणाले, की दोघींनी मोजायचे आणि एकमेकींना आकडा मोठ्याने सांगायचा. हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले मला आढळले नाही, पण तेव्हापासून आम्ही ते रोज करतो.

माझे कागद झाल्यावर मी गाडीच्या कागदांकडे वळले. मालकांना सुरुवातीला हे आवडले नाही. “गाडीचे मी बघतो, तुम्ही फक्त चालवा,” असे ते म्हणाले, आणि बहुतेक चालक एवढ्यावर थांबतात. मला मात्र मोटार वाहन कायद्याची भाषा वाचून वेगळे दिसले होते. कलम ३ म्हणते की लायसन्सविना कोणीही वाहन चालवू नये. कलम ५ म्हणते की मालकाने अशा माणसाला चालवू देऊ नये. ज्यादा प्रवाशांसंबंधीचे कलम १९४-अ असो वा मुलांच्या सुरक्षा पट्ट्यासंबंधीचे १९४-ब असो, ‘जो चालवील’ हे शब्द आधी येतात आणि ‘जो चालवू देईल’ हे नंतर. रस्त्यात गाडी अडवली जाईल तेव्हा चाकामागे मी असणार आणि मागे मुले असणार. मालक घरी असतील. म्हणून परमिट, विमा, पीयूसी (धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र) आणि पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र) या चारही कागदांच्या तारखा मला माझ्या डोळ्यांनी पाहायच्या होत्या, आणि शांतपणे समजावल्यावर मालकांनी पूर्ण फाइल माझ्यापुढे ठेवली.

त्या फाइलमधून दोन गोष्टी निघाल्या. गाडी २०१७ ची आहे. नव्या व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग करावे लागते आणि त्यानंतर दरवर्षी; आमची गाडी २०२५ मध्ये ही सीमा ओलांडत होती, तरी मालकांच्या हिशेबात पुढचे पासिंग अजून दोन वर्षांनीच होते. दुसरी गोष्ट सीएनजीची. गाडीला सीएनजी टाकी आहे आणि तिची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, व्यवस्थित होती, परंतु टाकीची दर तीन वर्षांनी जी दाबचाचणी करून घ्यावी लागते, तिची तारीख उलटायला आली होती. टाकीजवळच्या धातूच्या पट्टीवर चाचणीचा महिना कोरलेला असतो, पण ती पट्टी मागच्या आसनाखाली धुळीने झाकून गेली होती आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर अक्षरे दिसली. मुलांची दप्तरे नेमकी तिच्या वरच ठेवली जात. उन्हाळ्याच्या सुटीत चाचणी करून घेतली.

यापुढे जो प्रश्न आला, तो सगळ्यांत कठीण होता आणि आजही आहे: गाडीत मुले किती बसवायची. पूर्वी आमच्या गाडीत सतरा-अठरा मुले सहज असत. लहान मुले आहेत, दाटीवाटीने बसतात, असे सगळेच म्हणत आणि बारा वर्षांखालील मुले आसनसंख्येच्या दीडपट बसवता येतात, असा आधारही वाहतूकदार देत असत. मी तो हिशेब आसनांवरून करायचा नाही, पट्ट्यांवरून करायचा असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या बंधनाने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. एका पट्ट्यात दोन मुले बांधता येत नाहीत. तसे केल्यास जोराचा ब्रेक लागताच ती एकमेकांवरच आदळतात. आमच्या गाडीत बारा पट्टे होते. ते एकेक ओढून पाहिले, तेव्हा तीन पट्ट्यांची कुलपे लागत नव्हती. एकात गोळीचा चिकट कागद अडकला होता, दुसऱ्यात पेन्सिलीचे टोक मोडून बसले होते आणि तिसऱ्याचा खटकाच तुटला होता. मदतनीस म्हणून इतकी वर्षे त्याच आसनांवरून मी दप्तरे उचलली होती आणि पट्टे मात्र आसनांमागे दाबून टाकलेले असत, कारण ते लावायला वेळ लागतो. दोन कुलपे साफ झाली, एक बदलावे लागले. बारांपैकी एक आसन मदतनिसाचे. उरली अकरा.

अकरा हा आकडा ऐकून मालक गप्प झाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. सतरा मुलांच्या पैशांवर बसवलेला खर्च अकरा मुलांच्या पैशांतून कसा निघणार? मी त्यांना कलम १९४-अ दाखवले. आरसीत किंवा परमिटच्या अटींत दिलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रवासी असल्यास प्रत्येक ज्यादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे आणि ही रक्कम पाहून कोणीही घाबरत नाही. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की ज्यादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत गाडी जागची हलवता येणार नाही. सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला सहा लहान मुले उतरवून दुसऱ्या गाडीची वाट पाहायची, आणि त्यांच्या पालकांना फोन करायचे, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर मालक म्हणाले, की हे समितीपुढे मांडू या.

महाराष्ट्रात शालेय वाहतुकीसाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असावी, असे सांगितले आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, परिवहन कार्यालयाचे निरीक्षक व वाहतूकदार यांना तिच्यात स्थान असते. गाड्यांची व चालकांची कागदपत्रे तपासणे, थांबे ठरवणे आणि भाडे ठरवणे ही तिची कामे आहेत. अनेक ठिकाणी ही समिती वर्षातून एकदा सही करण्यापुरती जमते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीच बैठक घेतली. माझे लायसन्स, बॅज, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पडताळणी एकेक करून हातोहात फिरली, आग विझवण्याचे उपकरण व प्रथमोपचार पेटी पाहण्यासाठी दोन पालक खाली गाडीपर्यंत गेले, आणि बालवर्गातील मूल घ्यायला ठरलेली व्यक्ती थांब्यावर नसेल तर त्याला परत शाळेत आणायचे, शेजाऱ्यांच्या ताब्यात द्यायचे नाही, अशी अट करारनाम्यात घातली गेली.

अकरा मुलांच्या मुद्द्यावर बैठक लांबली. एका पालकांनी विचारले, “ताई, माझी मुलगी पहिलीत आहे, ती मांडीवर बसेल, एवढी एक घ्याल ना?” मी त्यांना विचारले, की कोणाच्या मांडीवर बसवू आणि त्या मांडीला पट्टा आहे का. ते माझ्यावर रागावले नाहीत, पण खिन्न झाले, कारण त्यांना सकाळी वेळ नाही आणि दुसरी सोय महाग आहे. शेवटी समितीने भाडे वाढवले, लांबच्या थांब्यांवरील मुलांसाठी मालकांनी दुसरी छोटी गाडी आणायची असे ठरले आणि ती येईपर्यंत आमच्या गाडीने सकाळी दोन खेपा करायच्या, यावर एकमत झाले. दोन पालकांनी वाढीव भाडे परवडत नाही म्हणून मुले काढून घेतली व रिक्षात घातली. त्या रिक्षात किती मुले असतात, हे मी समितीला लेखी कळवले आहे.

दुसरी गाडी अजून आलेली नाही. तिच्यासाठी चालक शोधण्याचे काम मालकांनी माझ्याकडे सोपवले आहे आणि जे विचारायला येतात, त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, मग सारथीचा अर्ज, पडताळणी आणि बॅज या क्रमाने जायला सांगते, कारण डोळ्यांत दोष निघाला, तर बाकीचा खर्च वाया जातो. आमच्या गाडीचे पुढचे पासिंग वार्षिक परीक्षेच्या दिवसांत येत होते. ते दिवाळीच्या सुटीतच करून घ्यायचे, असे मालकांनी मान्य केले असून गाडीच्या चारही कागदांच्या, टाकीच्या चाचणीच्या आणि माझ्या लायसन्सच्या तारखा समितीच्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवण्याचे काम मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे दिले आहे.